तेरा वर्षांची पिल्लं

पॉलेट हुदाकच्या गळ्यातली ओळखपत्राची फीत नारिंगी होती आणि ऑफिसातल्या बाकी सगळ्यांची निळी. निळ्या फीतवाल्यांना सगळी दारं आपोआप उघडत. नारिंगीवालीला अभिलेखाच्या खोलीचं दार कधीच उघडत नसे आणि संध्याकाळी सहानंतर स्वच्छतागृहाचंसुद्धा नाही. कुणी निळा येईपर्यंत बाहेर ताटकळत उभं राहावं लागे. असे अकरा-बारा प्रसंग पॉलेटनं गिळले होते.

नारिंगी म्हणजे ‘परतलेल्या’. ब्रॅन्हम अँड कोल ही पिट्सबर्गमधली पूल तपासणारी कंपनी. त्या वर्षी तिनं एक उपक्रम काढला होता: घरच्या कारणानं नोकरी सोडलेल्या अनुभवी बायकांना सोळा आठवडे उमेदवारीवर घ्यायचं आणि शेवटी ठरवायचं, ठेवायच्या की नारळ द्यायचा. जाहिरातीत हसऱ्या बाईचा फोटो होता. ती बाई पस्तिशीच्या पलीकडची नव्हती.

पॉलेट एकोणसाठची. आणि गंमत अशी, की तेरा वर्षांपूर्वी ती याच कंपनीत, याच मजल्यावर, तपासणी विभागाची प्रमुख होती. मग तिच्या आईचं डोकं हळूहळू रिकामं व्हायला लागलं. एका जुलैच्या दुपारी म्हातारी झोपायच्या गाऊनमध्ये हायवेच्या कडेनं चालत निघाली, आणि त्याच आठवड्यात पॉलेटनं राजीनामा दिला. पुढची बारा वर्षं तिनं आईला भरवलं, न्हाऊ घातलं, रात्री दाराला कड्या घातल्या आणि शेवटची चार वर्षं ‘तुम्ही कोण बाई?’ हा प्रश्न रोज सकाळी ऐकला. आई गेल्यावर तिनं बेचाळीस ठिकाणी अर्ज केले. एकाही ठिकाणाहून उलट टपाली नकारसुद्धा आला नाही. शेवटी जुन्याच कंपनीत ती उमेदवार म्हणून आली, टॉड मॅकिल्वेनच्या हाताखाली.

या टॉडला काँक्रीटवर हातोडी कशी ठोकायची आणि आवाज कसा ऐकायचा, हे पॉलेटनंच शिकवलं होतं. तेव्हा तो तिच्या मागे मागे ‘मिसेस हुदाक, हे बरोबर आहे का?’ करत फिरायचा. आता तो विभागप्रमुख होता आणि तिच्या टेबलापाशी थांबून विचारायचा, “काय पॉलेट, जमतंय ना?”

“जमतंय,” पॉलेट म्हणायची. दातओठ खायचं काम ती घरी गेल्यावर करायची.

कारण तिला ती नोकरी हवी होती. उगाच तात्त्विक कारणं कशाला द्या? तिला तिचं टेबल हवं होतं, निळी फीत हवी होती, पुलाखाली उभं राहून वर बघताना मान दुखते ते दुखणं हवं होतं. इंजिनियरचा परवाना तिनं तेरा वर्षं जिवंत ठेवला होता. आई झोपली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर अभ्यासक्रम पुरे करायचे, परीक्षा द्यायच्या, शुल्क भरायचं. नवरा स्टॅन विचारायचा, “हे कशाला?” तेव्हा ती म्हणायची, “कशाला ते मला माहीत नाही, पण मी सोडणार नाही.”

दर बुधवारी या परतलेल्या बायकांचा आत्मविश्वासाचा वर्ग असे. बायका तीन आणि शिकवणारी मॅकेन्ना सव्वीस वर्षांची. ती फळ्यावर लिहायची, ‘खंड नव्हे, प्रवास’.

“मुलाखतीत कधीही माफी मागायची नाही,” मॅकेन्ना सांगायची. “जुन्या चुका काढायच्या नाहीत. उणं काही बोलायचं नाही. पॉलेट, तुझी तेरा वर्षं तू एका सुंदर वाक्यात कशी सांगशील?”

“आईचं करत होते.”

“ते छानच आहे, पण त्यात जरा... वाढ दिसली पाहिजे.”

“वाढ झाली ना,” शेजारची यव्हॉन टिब्स म्हणाली. “माझी झाली. कमरेत.”

यव्हॉन सत्तावन्नची. रस्त्यांवरचं पाणी कुठून कसं वाहून न्यायचं, याचे आराखडे करण्यात तिची हयात गेली होती. मग मुलीच्या तीन लेकरांना वाढवायला तिनं आठ वर्षं घातली. तिच्या तोंडाला लगाम नव्हता आणि म्हणूनच पॉलेटचे ते चौदा आठवडे सुसह्य झाले होते.

चौदाव्या आठवड्यातल्या मंगळवारी टॉडनं पॉलेटच्या टेबलावर एक फाइल ठेवली.

“हॅझलेट पूल. पोरांनी ड्रोन उडवून फोटो काढलेत, सगळं भरलंय. तू वाचून सही कर. शुक्रवारी दुपारी कौंटीकडे गेलं पाहिजे.” मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, “शुक्रवारी दोनला तुझी बैठकही आहे. हे हातावेगळं केलंस की मला वर सांगायला सोपं जाईल. मला तुला ठेवायचंय, पॉलेट. खरंच.”

तो खोटं बोलत नव्हता. टॉड वाईट माणूस नव्हता, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

पूल निदान दर दोन वर्षांनी तपासतात आणि दर वेळी मागच्या अहवालाची प्रत समोर ठेवतात. काय बदललं तेवढं लिहायचं, बाकी मजकूर तसाच. रीत चांगली आहे. पण कंटाळलेला माणूस तीच रीत पाट्या टाकायला वापरतो: तारीख बदलायची आणि मागच्याची री ओढायची. पॉलेट वाचत गेली. गंज, भेगा, पाण्याची गळती, सगळं ठाकठीक. मग तिसऱ्या खांबाचं पान आलं.

‘पूर्वेकडचं बेअरिंग: ससाण्याच्या घरट्याखाली असल्यानं दिसलं नाही. पिल्लं अजून उडालेली नाहीत. स्थिती मागील तपासणीप्रमाणे चांगली. पिल्लं उडाल्यावर पुन्हा पाहावं.’

पॉलेटचा हात थांबला. ऑक्टोबर महिना चालू होता. ससाण्याची पिल्लं जूनमध्ये उडून जातात. ऑक्टोबरात घरट्यात पिल्लू असेल तर ते पेंढा भरलेलंच असायला हवं.

दुसरी गोष्ट लक्षात यायला तिला अर्धं मिनिट लागलं. ही वाक्यं तिची होती.

२०१२चा एप्रिल. ती पुलाच्या पोटाखालच्या लोखंडी पायवाटेवर उभी होती आणि ससाण्याची मादी तिच्या हेल्मेटवर झडप घालत होती. त्या पक्ष्याच्या घरट्याला हात लावायला कायद्यानं बंदी. म्हणून तिनं लिहिलं: पिल्लं उडाल्यावर पुन्हा पाहावं. ऑगस्टमध्ये येऊ, असं ठरवलं. ऑगस्टमध्ये ती आईच्या खोलीला कडी बसवत होती. तिनं जाताना दोन तासांत सगळी कामं टॉडच्या हवाली केली होती, आणि त्या दोन तासांत हॅझलेट पुलाचं नाव तिच्या तोंडून निघालं नव्हतं.

तिनं संगणकावर जुने अहवाल काढले. २०१३, १५, १७, १९, २१, २३. सगळे ऑक्टोबरातले. सहा अहवाल आणि सहाही ठिकाणी पिल्लं अजून उडालेली नव्हती. पहिल्या तीन अहवालांवर टॉडची सही होती, पुढच्या तिन्हींवर त्याच्या माणसांची. दर वेळी ‘मागील तपासणीप्रमाणे चांगली’.

तिनं यव्हॉनला बोलावून दाखवलं. यव्हॉननं चष्मा लावून सहाही पानं वाचली.

“तेरा वर्षांची पिल्लं,” ती म्हणाली. “यांना आता मिसरूड फुटली असेल.”

“हसू नकोस. पहिलं वाक्य माझं आहे.”

“आणि बेअरिंग म्हणजे महत्त्वाचं असतं काय गं? मी पाण्यातली बाई.”

“गर्डर खांबावर थेट टेकत नाही. मध्ये लोखंडाची बैठक असते, ती. उन्हाळ्यात गर्डर लांबतो, थंडीत आखडतो, तेव्हा ती त्याच्याबरोबर जराशी झुकते आणि परत उभी राहते. परत उभी राहिली नाही तर एक दिवस आडवी होते.”

“आणि मग?”

“वरून शाळेच्या बस जातात, यव्हॉन.”

पॉलेट टॉडच्या खोलीत गेली आणि तिनं बेअरिंग प्रत्यक्ष पाहायची परवानगी मागितली. टॉडनं ड्रोनचा फोटो पडद्यावर मोठा केला. खांबाच्या माथ्यावर काळपट ढिगारा दिसत होता, त्याच्या पलीकडे काही नाही.

“खाली रेल्वे आहे. त्यांची परवानगी काढायला तीन आठवडे लागतात.”

“रेल्वेच्या बाजूनं जायची गरज नाही. वरच्या पायवाटेनं जाता येतं. मी गेले होते.”

“पॉलेट, ते एक वाक्य आहे. पुढच्या वेळी बघू. शुक्रवारी अहवाल द्यायचाय.”

“सहा वेळा पुढच्या वेळी झालंय.”

टॉडनं पेन खाली ठेवलं. “तुला दोन आठवडे राहिलेत. मी तुझ्यासाठी वर भांडतोय. लोक म्हणतात, इतकी वर्षं बाहेर असलेली बाई, वेग राहिलेला नसणार. आता तू एका ओळीसाठी अहवाल अडवलास तर मी काय सांगू त्यांना?”

ती बाहेर आली.

संध्याकाळी घरी स्टॅननं हलुश्की केली होती, लोण्यात परतलेला कोबी आणि नूडल्स. स्टॅन बसडेपोतून निवृत्त झालेला मेकॅनिक. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःला आणखी वाढून घेतलं.

“सही केलीस तर नोकरी पक्की?”

“जवळजवळ.”

“आणि तिथे जाऊन पाहिलंस तर?”

“काही सापडलं नाही तर मी कटकटी म्हातारी. काही सापडलं तर पहिली चूक माझीच. दोन्हीकडून माझंच डोकं फुटणार.”

“मग कशाला विचारतेस मला? तू जाणारच.”

“मी विचारलंच कुठे?” पॉलेट म्हणाली. “मी सांगत होते.”

पायवाटेच्या फाटकाची किल्ली सामानाच्या खोलीत टांगलेली असे. कंपनीचा कुठलाही परवानाधारक इंजिनियर वहीत नाव लिहून ती घेऊ शकत होता. नियम एकच, की जाताना दोघं हवेत. नियम लिहिणाऱ्यानं फितीच्या रंगाचा विचार केला नव्हता. गुरुवारी सकाळी पॉलेटनं वहीत ठसठशीत अक्षरांत आपलं नाव लिहिलं. त्याच्याखाली यव्हॉननं आपलं लिहिलं.

“तू कशाला नोकरी घालवतेस?” पॉलेट म्हणाली.

“दोघं हवेत म्हणून लिहिलंय ना तिथे? आणि खरं सांगू, आज मॅकेन्नाचा राहिलेला तास आहे. ‘माझ्यातली सिंहीण’ असा विषय आहे. त्यापेक्षा मी पुलावरून लोंबकळेन.”

पायवाट दोन फूट रुंद. पायाखाली जाळी आणि जाळीखाली दीडशे फुटांवर रूळ. वरून ट्रक गेला की सगळं थरथरे. यव्हॉन एका हातानं कठडा आणि दुसऱ्यानं पॉलेटच्या पट्ट्याची दोरी धरून चालली होती आणि सबंध वेळ आपल्या कर्माला नावं ठेवत होती. पॉलेटचे गुडघे कुरकुरत होते. पण पाय बरोबर पडत होते. तेरा वर्षांत ती पायवाट एक बोटभर बदलली नव्हती, आणि पॉलेटला भीती वाटायच्या ऐवजी आनंद होत होता. याची तिला जरा लाजही वाटली.

तिसऱ्या खांबावर ससाणा नव्हता. ससाण्याला जाऊन कैक वर्षं झाली असावीत. त्याच्या जागी कबुतरांनी बिऱ्हाड केलं होतं आणि सोडलंही होतं. हातभर उंचीचा विष्ठेचा, मातीचा, काड्यांचा ढीग दगडासारखा घट्ट झाला होता. पॉलेटनं तोंडाला फडकं बांधलं आणि थापी काढली.

तिला खणायला पाऊण तास लागला. आधी गंजलेली पट्टी दिसली, मग बेअरिंगची बाजू, मग सगळं बेअरिंग. ऑक्टोबरच्या हवेत ते सरळ उभं असायला हवं होतं. ते झोपायला निघालेल्या माणसासारखं एका अंगावर कललं होतं. त्याला जागेवर धरणाऱ्या दोन बोल्टांपैकी एक तुटून पडला होता, आणि तुटलेली जागा आतपर्यंत काळी होती, म्हणजे जुनी.

“वाईट आहे?” यव्हॉननं विचारलं.

“वाईट आहे.”

“किती?”

पॉलेटनं कोन मोजला, पुन्हा मोजला, फोटो काढले आणि तिथेच जाळीवर बसून कौंटीच्या पूल विभागाला फोन लावला. गंभीर दोष सापडला तर तपासणाऱ्यानं त्याच दिवशी थेट कळवायचं असतं. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. तिनं नाव सांगितलं, परवाना क्रमांक सांगितला, आकडे सांगितले. दुपारी एकच्या आत पुलाची पूर्वेकडची मार्गिका बंद झाली आणि अवजड गाड्या दुसऱ्या रस्त्यानं वळवल्या.

ऑफिसात परतल्यावर आपल्याला दाराबाहेर काढतील, अशी तिची अटकळ होती. घडलं भलतंच. शुक्रवारी दोनला ती बैठकीच्या खोलीत शिरली तेव्हा टेबलावर केक होता.

टॉड उठून उभा राहिला. रात्रभर झोपला नसावा, पण चेहऱ्यावर हसू होतं.

“कौंटीचा मुख्य इंजिनियर स्वतः बोलला माझ्याशी. म्हणाला, तुमच्या माणसांचं लक्ष आहे. वरचेही खूश आहेत. न विचारता गेलीस त्याबद्दल मी तुला झाडणार होतो, पण आता राहू दे.” त्यानं एक कागद पुढे सरकवला. “हे वाच. नेमणूक. वरिष्ठ इंजिनियर, सोमवारपासून. सोळा आठवडे पुरे करायचीही गरज नाही.”

पॉलेटनं वाचला. कागदावर तिचं नाव होतं. तिला इतका आनंद झाला की क्षणभर अक्षरं दिसेनात.

“आणि हा अहवाल,” टॉड म्हणाला. “एवढा एक परिच्छेद मी नीट करून घेतलाय. सही कर, मग केक कापू.”

नीट केलेल्या परिच्छेदात लिहिलं होतं: ‘मागील तपासणीत स्थिती चांगली. यंदा बेअरिंग झुकल्याचं नव्यानं आढळलं.’ पॉलेटनं आदल्या संध्याकाळी लिहिलेला परिच्छेद गायब होता. त्यात तिनं लिहिलं होतं, की १७ एप्रिल २०१२ रोजी हे बेअरिंग मी न पाहता चांगलं म्हणून लिहिलं. त्यानंतरच्या सहाही तपासण्यांत ते कुणी पाहिलेलं नाही. शेवटचं पाहिलं गेलं ते २०१०मध्ये.

“माझा परिच्छेद कुठे आहे?”

“तो लागत नाही. दोष सापडला, कळवला, मार्गिका बंद झाली. आता इतिहास कशाला?”

“इतिहास कशाला?” पॉलेट म्हणाली. “टॉड, दोन वर्षांपूर्वी हे सरळ होतं असं लिहिलंस, तर ते समजतील खांबच सरकतोय, आणि पाया खणत बसतील. पंधरा वर्षांत हळूहळू झुकलं असेल तर रोग वेगळा आणि औषध वेगळं. हे मी तुला शिकवलंय. तुझ्या पहिल्याच महिन्यात.”

टॉडचा चेहरा उतरला. त्यानं उठून दार लावलं.

“त्यातल्या तीन सह्या माझ्या आहेत.”

“माहितीय.”

“माझा परवाना जाईल.”

“जाईल की नाही ते मला माहीत नाही. माझाही जाऊ शकतो. पहिली सही माझी आहे, आणि ते मी सगळ्यात वर लिहिलंय. तुझ्यावर खापर फोडून मी बाजूला झालेली नाही.”

“तू कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेस?” तो आता विनवणीच्या सुरात बोलत होता. “मिसेस हुदाक, ऐका. कुणी मेलं नाही. पूल वाचला. तुम्हाला नोकरी मिळतेय. तेरा वर्षांचा खंड असलेल्या बाईला या शहरात दुसरं कोण घेणार आहे, सांगा मला.”

तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यानं तिला मिसेस हुदाक म्हटलं होतं. पॉलेटला त्याची दया आली. रागही आला, आणि रागच वरचढ ठरला.

“चौदा आठवडे मी या खंडाचा जाब देतेय,” ती म्हणाली. “अर्जात दिला, मुलाखतीत दिला, दर बुधवारी त्या पोरीला देते. तेरा वर्षं मी इथे नव्हते, हे माझ्या कागदावर कुणालाही दिसतं. तू इथे होतास, टॉड. रोज होतास. आणि त्या खांबापाशी तेरा वर्षं कुणीच नव्हतं, हे तुझ्या कागदावर कुठेच दिसत नाही. माझा खंड मला लपवता येत नाही. तुझाही मी लपवणार नाही.”

बाहेर कुणीतरी प्रिंटरवर थापा मारत होतं.

“तो परिच्छेद कौंटीकडे गेला तर हा कागद मला मागे घ्यावा लागेल,” शेवटी तो म्हणाला. “मी धमकी देत नाहीये. माझ्या हातात राहणार नाही.”

“समजलं.”

तिनं नेमणुकीचा कागद उचलला, आपलं नाव पुन्हा एकदा वाचलं आणि तो त्याच्याकडे सरकवला. मग ती आपल्या टेबलावर गेली, जुना परिच्छेद जागेवर घातला, सही केली आणि अहवाल कौंटीकडे पाठवून दिला. वेळ होती दोन वाजून चाळीस मिनिटं.

साडेतीनला टॉड एक दुसरा कागद घेऊन आला. मूल्यमापनाचा. शेवटच्या चौकटीत लिहिलं होतं, ‘कायम करण्याची शिफारस नाही. संघात मिसळण्यात अडचण.’ त्यानं तो तिच्या हातात दिला आणि नजर दुसरीकडे वळवली.

पॉलेटनं तो उभ्यानं वाचला. “याची एक प्रत मला हवी.”

“देतो. तुला हवं तर आजपासून घरी जाऊ शकतेस. पुढच्या दोन आठवड्यांचा पगार मिळेल.”

“आजपासून का?” पॉलेट म्हणाली. “करार सोळा आठवड्यांचा आहे. माझे दहा दिवस उरलेत.”

“दहा दिवसांत काय करणार तू?”

“२०१२ साली मी एकेचाळीस पूल तपासले होते. एका ठिकाणी मी पुन्हा पाहावं असं लिहून विसरले. बाकीच्या चाळीस ठिकाणी काय काय लिहिलंय ते मला आता आठवत नाही.”

पॉलेटनं अभिलेखाच्या खोलीची वाट धरली. दाराला फीत लावली. दार उघडलं नाही. तिनं मागे वळून पाहिलं. टॉड दोन पावलांवर उभा होता, गळ्यातली निळी फीत मुठीत धरून. तो काही वेळ तसाच उभा राहिला. मग पुढे झाला आणि त्यानं दार उघडलं.

ती आत गेली. तिनं २०१२चा कप्पा ओढला आणि फाइलींचा पहिला गठ्ठा जमिनीवर ठेवला. यव्हॉन दोन खुर्च्या फरफटत घेऊन आली, एक तिला दिली आणि दुसरीवर स्वतः बसली.

“वीस मला दे,” यव्हॉन म्हणाली. “आणि तो केक तिथेच पडलाय. मी घेऊन येते.”

“आण,” पॉलेट म्हणाली, आणि तिनं पहिली फाइल उघडली.